कृती दाखव

शनिवारी सकाळच्या टपालात माझंच पत्रक मला परत आलं, तपासून. गुळगुळीत कागद, त्यावर हसणारा मी, मागे आमचे डोंगर, पायाशी कुणाचातरी कुत्रा, कारण माझ्याकडे कुत्रा नाही, आणि खाली ठळक अक्षरांत: 'आपल्या सरकारी शाळांच्या पाठीशी मी खंबीरपणे उभा आहे. निवृत्त शिक्षकांचा सन्मान राखीन.' दोन्ही वाक्यांखाली लाल पेन्सिलीची एकेक रेघ होती, पट्टी न लावता मारलेली आणि तरी सरळ. समासात लिहिलं होतं, कृती दाखव. त्याखाली जरा लहान अक्षरांत, भेटून जा. सही नव्हती, तिची गरजही नव्हती. रेनिटाने, माझ्या बायकोने, दुकानाच्या काउंटरवरून तो कागद माझ्याकडे सरकवला आणि खिळ्यांच्या पुड्या बांधत राहिली. "निकाल लागला तुझा," ती म्हणाली. "गुण काही दिलेले दिसत नाहीत. म्हणजे बाईंनी पेपर अजून जमाच करून घेतला नाही." मी हसलो. हसता हसता मी परत आठवीच्या वर्गात जाऊन पोचलो. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, राज्याच्या विधानसभेचा उमेदवार, मतदान अठरा दिवसांवर आलेलं, आणि मी तो कागद पटकन घडी करून खिशात घातला, कोणी बघू नये म्हणून.

ऑपल नेपियर बाईंनी आमच्या तालुक्यात एकतीस वर्षं आठवीला गणित शिकवलं. माझ्या मतदारांतले निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेत आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं. एकदा त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं होतं. उत्तर मला येत होतं, कारण ते पुस्तकाच्या शेवटी छापलेलं होतं आणि मी ते तिथूनच उचललं होतं. मी ते फळ्यावर मोठ्या ऐटीत लिहिलं आणि जागेवर जायला वळलो. "उत्तर कुठे छापलंय ते मलाही माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तू तिथवर कसा पोचलास ते सांग." मी खडू हातात धरून उभा राहिलो. वर्गात कोणीतरी खुसखुसलं, मग तेही थांबलं. घंटा झाली, पोरं जेवायला गेली, माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले. बाईंनी आपल्या टेबलाचा खण उघडला, डबा काढला, सँडविचवरचा कागद नीट सोडवला आणि खायला लागल्या. रागावल्या नाहीत, समजावलंही नाही. पुढची पायरी कोणती याची खूणसुद्धा कधी द्यायच्या नाहीत त्या, नुसत्या थांबायच्या. त्या थांबण्याला अंत आहे असं वाटायचं नाही. दुसरी घंटा व्हायच्या जरा आधी मला ते गणित सुटलं, अगदी पहिल्या ओळीपासून. "बरोबर," त्या म्हणाल्या. "जा, जेव आता." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, पण ते गणित मी अजूनही झोपेत सोडवून दाखवीन.

अकराच्या सुमारास कॉरिन आली. कॉरिन हॅगर्ड, पक्षाने राजधानीतून धाडलेली बाई, पन्नाशीची, चष्म्याला साखळी लावणारी, तीन निवडणुका जिंकून दिलेली. तिच्याबद्दल माझं वाईट मत नाही. ती तिचं काम चोख करते आणि खोटं फक्त तोंडावर बोलते, पाठीमागे नाही. दुपारी दोन वाजता शाळेच्या व्यायामशाळेत निवृत्त शिक्षक संघटनेने दोन्ही उमेदवारांना समोरासमोर बसवलं होतं. आमच्या भागात ही सभा चुकवून कोणी निवडून आलेलं नाही. संघटनेचा नियम जुना आहे: प्रश्न आधी पाठवतात, पण उत्तराचा पहिला शब्द 'हो' किंवा 'नाही' असाच पाहिजे. त्यानंतर बोलायला दोन मिनिटं. कॉरिनने फाइल उघडली आणि चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं. शिक्षकांच्या पेन्शन फंडात सरकारने दरवर्षी आपला पूर्ण वाटा टाकावा, आणि आजारपणाच्या न घेतलेल्या रजा निवृत्तीच्या वेळी धरायची पद्धत तशीच ठेवावी, यासाठी तुम्ही मत द्याल का?

"इथे तुम्ही 'हो' म्हणायचं नाही," ती म्हणाली.

"मग 'नाही' म्हणू?"

"'नाही' तर अजिबात म्हणायचं नाही. तीनशे म्हातारे शिक्षक बसलेले असतील तिथे, खडूच्या डस्टरने मारतील. तुम्ही म्हणायचं, 'हो, या विषयावर सर्वांना एकत्र बसवून चर्चा व्हायला हवी.' पहिला शब्द 'हो' झाला, त्यांचा नियम पाळला गेला, आणि तुम्ही कशालाच हो म्हटलं नाही."

"हुशार आहात."

"त्याचेच पैसे घेते मी." तिने चष्मा काढून छातीवर सोडला. "वेन्डल, साधं सांगते. जानेवारीत पक्ष ते विधेयक आणणार आहे. नव्या शिक्षकांना वेगळी योजना, जुन्यांच्या रजा धरणं बंद. एकेक मत मोजून ठेवलंय वर. तुम्ही आज साफ 'हो' म्हणालात ना, तर सोमवारपासून तुमची पत्रकं नाहीत, रेडिओ नाही, आणि मी इथे नाही. तुमच्याविषयी मनात काही नाही माझ्या. फक्त फोन उचलणार नाही."

"आणि सरकारी शाळांचा पैसा खाजगी शाळांना द्यायचं? दुसरा प्रश्न?"

"पालकांना निवडीचं स्वातंत्र्य. छान शब्द आहे, तोच वापरा."

रेनिटा काउंटरमागून म्हणाली, "इथून सगळ्यात जवळची खाजगी शाळा डोंगरापलीकडे चाळीस मैलांवर आहे. पालकांनी निवडायचं काय, घाट?" कॉरिन हसली, मनापासून हसली, आणि फाइल मिटली. ती म्हणाली, तुमची बायको उभी राहिली असती तर मला जास्त काम पडलं असतं. मी तिचं वाक्य कागदावर उतरवून घेतलं. गेले चार महिने मी हेच करत आलो होतो. मला निवडून यायचं होतं. उगाच कशाला लपवू, फार यायचं होतं. दुकानात बिजागऱ्या विकता विकता मी आमचं गाव रिकामं होताना पाहिलं होतं. खाण बंद पडली, तिच्या कराचे पैसे शाळेला यायचे ते आटले, शाळेच्या ग्रंथालयात गळक्या छताखाली मी स्वतः विकलेल्या बादल्या ठेवलेल्या आहेत. आपण तिथे जाऊन बसलो तर काहीतरी होईल असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. आणि तिथे जाऊन बसायची वाट त्या एका गुळगुळीत उत्तरावरून जात होती, फार लांबही नव्हती.

बारा वाजता मी एकटाच गाडी घेऊन निघालो. कॉरिनला सांगितलं, कपडे बदलून येतो. नदीकाठच्या रस्त्याला लागलो तेव्हा झाडं पिवळी-तांबडी झाली होती आणि मला ती दिसत नव्हती. मला आईची खोली दिसत होती. माझी आई, आयना फ्यूगेट, तिसरीला शिकवायची. बावीस वर्षांपूर्वीच्या शरदात तिला कॅन्सर निघाला तेव्हा मी नुकताच दुकानात बसायला लागलो होतो आणि घरात आम्ही दोघंच होतो. शिक्षकांना आमच्याकडे वर्षाला आजारपणाच्या दहा रजा मिळतात. न घेतलेल्या साठत जातात, आणि निवृत्तीच्या वेळी धरल्या जाऊन पेन्शनला थोडा हात देतात. बाकीच्या देशाला म्हातारपणी केंद्र सरकारकडून जी पेन्शन मिळते ती आमच्या राज्यातल्या शिक्षकांना मिळत नाही, त्यामुळे या थोड्याला थोडं म्हणत नाहीत. माणसं ताप अंगावर काढून वर्गात उभी राहतात. आणि तरीही त्यांच्यात एक रीत आहे. कोणी खरंच पडलं, त्याच्या रजा संपल्या, की दुसरे आपल्या साठलेल्यातले दिवस त्याला लिहून देतात. एका पानाचा फॉर्म असतो. वर नाव, खाली किती दिवस. नाताळपर्यंत आईच्या रजा संपल्या, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी नेपियर बाई मक्याच्या पावाचं भांडं घेऊन आल्या, भांड्याखाली तो फॉर्म. आकड्याच्या जागी चाळीस लिहिलेले होते.

"ऑपल, वेड लागलंय का तुला?" आई उशीवरून म्हणाली होती. "हर्शलची छाती बघ जरा. तुला लागतील हे." हर्शल म्हणजे बाईंचा नवरा, सव्वीस वर्षं खाणीत काढलेला, दहा पावलं चालला की भिंत धरायचा. "हर्शलला जायची परवानगी मी अजून दिलेली नाही," बाई म्हणाल्या, आणि पाव कापायला सुरी शोधायला लागल्या. मी दारात उभा होतो. चाळीस दिवस हा काय प्रकार आहे ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, शाळेचा काहीतरी कागद आहे.

आई त्या रजेवर जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीची सुरुवात एवढंच जगली. मधे दोन दिवस असा बर्फ पडला की नदी, रस्ता, कुंपणं काही ओळखू येईना. आईने मला रेडिओ जवळ आणायला लावला. बंद असलेल्या शाळांची नावं वाचत होते, आणि आमच्या तालुक्याचं नाव येईपर्यंत ती मान उचलून ऐकत होती. नाव आलं तशी ती हसली. "आज सगळ्यांनाच सुट्टी," ती म्हणाली. "आज मी आजारी नाही रे, आज नुसता बर्फ आहे." दोन्ही दिवस हेच म्हणाली. मी तिला खिडकीशी सरकवलं. पांढऱ्या उजेडात तिचा चेहरा शाळेत असायचा तसा दिसत होता. त्यानंतर आठ-दहा दिवसांत ती गेली.

मार्चमध्ये शिक्षण कार्यालयाचं पाकीट आलं. वर टाइप केलेलं, 'कै. आयना फ्यूगेट यांच्या वारसास'. त्या पहिल्या अक्षरावरच माझी नजर अडली. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. कार्यालयातल्या बाईने फोनवर सगळं सांगितलं होतं. दिलेल्यातले काही दिवस उरलेत, ते दिले त्यांच्या नावावर परत लिहायचे, घरच्यांची सही लागते, साठ दिवसांच्या आत पाठव. पाठवतो, म्हणालो होतो मी. पाकीट मी ड्रॉवरमध्ये टाकलं, बिजागऱ्यांच्या कॅटलॉगखाली. उद्या उघडू. आईच्या नावाआधीचं ते एक अक्षर मला बघवत नव्हतं, हे खरं, पण त्यातलं सगळं खरं नाही. सही केली की ती संपली असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि चोवीस वर्षांच्या माणसाला आळस आणि दुःख यांतला फरक स्वतःपुरताही कळत नाही. साठ दिवस गेले, उन्हाळा गेला.

दोन वर्षांनी एप्रिलमध्ये, एका मंगळवारी, हर्शल नेपियर गेला. बाई तेव्हा तिसऱ्या तासाला वर्गावर अपूर्णांक शिकवत होत्या. मुख्याध्यापक दाराशी आले, आणि म्हणतात, बाईंनी हातातली ओळ पूर्ण केली, मुलांना गृहपाठ दिला आणि मग खडू ठेवला. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मी बटाट्याच्या सॅलडचं मोठं भांडं घेऊन स्वयंपाकघराकडे चाललो होतो, आणि मोरीशी दोघी शिक्षिका बोलत होत्या. "एकसुद्धा रजा शिल्लक नव्हती गं तिच्याकडे. शेवटचे तीन आठवडे तो ऑक्सिजनवर, आणि ही रोज वर्गावर." दुसरी म्हणाली, "मागायची तरी ना कोणाकडे. आपण दिल्या असत्या." पहिली म्हणाली, "ऑपल? ती मागणार? तिला देता येतं फक्त." मी ते भांडं धरून तिथेच उभा राहिलो. तीन आठवडे म्हणजे शाळेचे पंधरा दिवस. त्या दुपारी मी जुनं कॅलेंडर काढलं, शनिवार-रविवार सोडून आईचे दिवस मोजले. एकवीस झाले. चाळीसातून एकवीस गेले, उरले एकोणीस. पंधरापेक्षा चार जास्त. ते एकोणीस दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये मेले होते. नवऱ्याचा हात धरून बसायचे तिचे पंधरा दिवस, मी ते कॅटलॉगखाली ठेवले होते. मग मी ते पाकीट न उघडताच दुकानातल्या शेगडीत टाकलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. रेनिटालाही नाही. बाई रस्त्यात भेटल्या की मी टोपी काढतो, दुकानात आल्या की सामान गाडीपर्यंत नेऊन देतो, आणि वीस वर्षं माणसं म्हणत आलीत, आयनाचा मुलगा मोठा आदबशीर.

बाईंचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. त्या ओसरीत बसून सुईदोऱ्याने शेंगा ओवत होत्या, हिवाळ्यासाठी वाळवायला. ओवलेल्या माळा खुर्चीच्या पाठीवर लोंबत होत्या. बाहत्तर वर्षांच्या, केस अजून आखूड, चष्मा कपाळावर चढवलेला. मला बघून उठल्या नाहीत.

"कुत्रा कोणाचा तो?" त्यांनी विचारलं.

"छायाचित्रकाराचा."

"वाटलंच. तुझ्यापेक्षा प्रामाणिक दिसतो." त्यांनी मला समोरची खुर्ची दाखवली आणि शेंगांची टोपली आमच्या दोघांच्या मधे ओढली. मी न विचारता शिरा काढायला लागलो. आमच्याकडे कोणाच्या ओसरीवर रिकाम्या हाताने बसत नाहीत. "माझं म्हणणं एवढंच आहे, वेन्डल," त्या म्हणाल्या. "खंबीरपणे पाठीशी, असं लिहिलंयस. पाठीशी म्हणजे किती हात मागे? सरकारने बरीच वर्षं फंडात आपला वाटा टाकला नाही, आम्ही दर महिन्याला आमचा टाकला. आता तेच सरकार म्हणतं, फंड आजारी आहे. आजारी कोणी पाडला ते विचारायचं नाही आम्ही?"

"विचारायचं."

"मग तू काय म्हणणार आहेस आज?"

मी शेंग मोडली. ती वाकडीच मोडली. समोर ओढा वाजत होता. आतून बीन्स शिजल्याचा वास येत होता, तोच आमच्या घरात यायचा. मला कॉरिनचं वाक्य पाठ होतं, आणि ते ओठांवर आलंही, चर्चा व्हायला हवी, पण त्या सुईकडे बघून ते परत गेलं. त्याच्या जागी जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. "बाई," मी म्हणालो, "आईसाठी तुम्ही त्या रजा दिल्या होत्यात ना, त्याबद्दल मला..."

सुई थांबली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा कपाळावरच, त्यामुळे त्यांचे डोळे मला पहिल्यांदाच उघडे दिसले. मग त्यांनी दोरा ओढून घेतला. "इथे नको," त्या म्हणाल्या. "इथे मी एकटी आहे. मला सांगून तुझं गणित सुटायचं नाही. जे काय असेल ते फळ्यापाशी." त्यांनी माळेला गाठ मारली. "आणि शर्ट बदल. एवढं लाल घालून जाऊ नकोस, तो तुमच्या पक्षाचा रंग आहे." मी उठलो. पायरीवर असताना मागून आवाज आला, "जेवून गेलास तरी चालेल." जेवण जाणार नव्हतं. मी नाही म्हणालो.

परत येताना मी गाडी शाळेजवळ थांबवली आणि दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. माणूस स्वतःला किती समजावू शकतो याची मला त्या दहा मिनिटांत गंमत वाटली. मी स्वतःला म्हणालो, आधी निवडून ये, आत जाऊन मग हवं ते मत दे. म्हणालो, एका पाकिटाचा आणि राज्याच्या कायद्याचा काय संबंध. म्हणालो, एवढी जुनी गोष्ट उकरून काढायची आणि तीनशे माणसांसमोर, हे तर भलतंच, लोक म्हणतील मतांसाठी रडतोय. सगळे मुद्दे बिनचूक होते. सगळ्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली होती. आणि तेवढ्यात मला राग आला. पक्षाचा नाही, कॉरिनचा नाही, मला माझ्या त्या टोपी काढण्याचा राग आला. वीस वर्षं मी त्या बाईचं सामान गाडीत ठेवत होतो आणि त्याला सन्मान म्हणत होतो. पत्रकावरचा सन्मान तोच होता. मी गाडीतून उतरलो, दार लावलं, आणि मला एकदम हलकं वाटायला लागलं, पायांत जोर आला. माझं ठरलं होतं.

व्यायामशाळा भरली होती. लाकडी बाकांवर पांढरी डोकी, कोणी स्वेटर विणतंय, कोणी मागच्या बाकावरच्यांना अजूनही गप्प बसवतंय. टेबलाशी इमोजीन, पूर्वीची ग्रंथपाल, हातात पितळी घंटा घेऊन. नेपियर बाई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर. कॉरिन बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती, तिने अंगठा वर करून दाखवला. माझा प्रतिस्पर्धी विल्मर बेगली, अँब्युलन्सच्या धंद्यातला, गोरागोमटा, गोड माणूस. दुसऱ्या प्रश्नाला मी म्हणालो, नाही, सरकारी शाळेचा पैसा खाजगीकडे वळवायला मी मत देणार नाही, निवडायला इथे घाटाशिवाय काही नाही. लोक हसले. कॉरिन हसली नाही. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. तिसरा प्रश्न बसगाड्यांचा होता. मग इमोजीनने चौथा वाचला. बेगली आधी बोलला. तो 'हो' म्हणाला, त्याला ते फुकट होतं, त्याच्या पक्षाचं ते मत होतंच. टाळ्या पडल्या. मग माझ्याकडे माइक आला.

"हो," मी म्हणालो, आणि थांबलो. पुढचं 'चर्चा' म्हणायला जागा होती, तेवढी जागा मी मुद्दाम जाऊ दिली. "पूर्ण वाटा, दरवर्षी. आणि रजांना हात लावू देणार नाही. माझा पक्ष जानेवारीत याच्या उलट विधेयक आणणार आहे, मी त्याच्या विरोधात मत देईन." भिंतीपाशी फाइल मिटल्याचा आवाज झाला. तो मला वाटला होता त्याच्यापेक्षा बारीक होता. "बेगलीसाहेबही हेच म्हणाले, त्यामुळे तुम्हाला दोन उत्तरं सारखीच दिसतील. म्हणून कृती दाखवतो."

मग मी सांगितलं. आई, फॉर्म, चाळीस, पाकीट, ड्रॉवर. नाव घेताना बाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली नाही, नको असंही दाखवलं नाही. मग हर्शलचे शेवटचे तीन आठवडे, आणि शेगडी. मी म्हणालो, राजधानीत ज्यांना या रजा म्हणजे कागदावरची सूज वाटते त्यांना मी सांगू शकतो की एक दिवस म्हणजे काय असतो, कारण मी दुसऱ्याचे दिवस ड्रॉवरमध्ये कोंडून मारलेत. दोन मिनिटं झाली. इमोजीनने घंटा उचलली, एक टोल पडला.

"इमोजीन, खाली ठेव ती," पहिल्या रांगेतून आवाज आला. "फळ्यापाशी मुलगा उभा आहे."

इमोजीनने घंटा टेबलावर आडवी ठेवली. विणणाऱ्या सुया थांबल्या होत्या. कॉरिन दाराच्या दिशेने निघाली होती, ती तिथेच थांबली, हात दारावर.

"बाईंना शेवटी पंधरा दिवस हवे होते," मी म्हणालो. "माझ्या ड्रॉवरमध्ये त्यांचे एकोणीस होते."

"एकवीस," नेपियर बाई म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"तू आयनाचे दोन दिवस जास्त धरलेस. त्या दोन दिवशी बर्फ होता, शाळा बंद होती. शाळा बंद असली की रजा जात नाही." आवाज वर्गातला होता, तितकाच सपाट. "चाळीसातून एकोणीस गेले. उरले एकवीस."

आज मी आजारी नाही रे, आज नुसता बर्फ आहे. आईने मला तेव्हाच सांगितलं होतं आणि मी ते फक्त ऐकलं होतं. आणि बाईंनी हिशेब केला होता. मी कॅलेंडर उघडलं त्याच्याही आधी, कदाचित हर्शल ऑक्सिजनवर असतानाच, रोज सकाळी शाळेत जाताना, त्यांना ते एकवीस कुठे आहेत ते माहीत होतं. कार्यालयातल्या बाईने त्यांनाही फोन केला असणार. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी सामान उचलून देत होतो आणि त्या देऊ देत होत्या. बावीस वर्षं ती बाई खण उघडून, डबा काढून, माझ्यासमोर बसली होती.

"एकवीस," मी म्हणालो.

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "आता पुढचं."

दार उघडून बंद झालं. पुढचं म्हणजे तो वाटा सरकारने आणायचा कुठून ते होतं, आणि ते अवघड होतं. मी माइक जरा जवळ घेतला आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागलो.